सध्या दुसऱ्या वाचकाकडे

अकोला,
१२ जानेवारी २०२५

प्रियदर्शनी,

तू सांगितलं तसं कागदावर लिहून राहिलो. मले फोनवर ब्लॉक करताना तू म्हणाली होती, "फोनवर तू आधी बोलतोस, मग विचार करतोस. कागद घे, पाकीट घे, पोस्टात जा. तिथपर्यंत डोकं थंड झालं तरच पेटीत टाक." पोस्ट आमच्या दुकानाच्या समोरच आहे, प्रियु. डोकं थंड व्हाले रस्ताच पुरत नाही.

पंजाबरावांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात आता हात बसला माझा. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा सारे म्हणत होते, पोट्टं वाया गेलं. वाया नाही गेलं, तांब्याच्या तारेत गुंडाळल्या गेलं. दिवसभर कानात तुमच्या वाचनालयाचं ॲप. तू वाचलेली ती रेल्वे फाटकवाल्याची कादंबरी लावतो नि कॉइल भरतो. परवा त्या फाटकवाल्याची बायको त्याले म्हणते, "माझ्या राजा, आज दिवा लवकर लाव." तुझ्या आवाजात. माझे वेढे चुकले. पंजाबरावांनी अख्खी कॉइल उकलाले लावली.

दोन वर्षांत मले कधी राजा म्हटलं का तू? 'गज्या, माकडा' याच्या वर तुझी गाडी गेली नाही. नि एका कागदावरच्या फाटकवाल्याले माझ्या राजा! तेही असं, जसं कोणी ओंजळीत पाणी घेऊन येते.

आणि हे वाचताना काचेपलीकडे कोण बसलं असते? तुमचा रेकॉर्डिंगवाला, संघपाल. दोन्ही कानांवर हेडफोन चढवून. म्हणजे माझ्या राजा पहिल्यांदा त्याच्या कानात गेलं. किती वेळा म्हणून घेतलं त्यानं?

दुसरी गोष्ट. पंधरा दिवसांची मुदत सरली नि कादंबरी माझ्या फोनमधून आपोआप गेली. पुन्हा घ्याले गेलो तर लिहून आलं, 'सध्या दुसऱ्या वाचकाकडे'. तुझं मधमाश्यांचं पुस्तक पाहिलं, तेही दुसऱ्या वाचकाकडे. त्या नर्सबाईचं आत्मचरित्र, तेही. बाकीच्यांनी वाचलेली नवी पुस्तकं ढिगानं मोकळी पडली आहेत. कादंबऱ्या, शेअर बाजार, मधुमेह, पाहिजे ते घ्या. फक्त तुझाच आवाज कोणाच्या तरी खिशात. कोण आहे हा?

मी वाचनालयात पाय ठेवत नाही. शब्द दिला तो दिला. पण कागदावर विचारता येते ना?

गजेंद्र


अमरावती,
१९ जानेवारी

गज्या, माकडा,

(मुद्दाम लिहिलं. तुझ्यासाठी हेच आहे, राजा नाही.)

संघपालदादाला दोन मुली आहेत आणि त्याला एकच शब्द येतो, "पुन्हा." तुझं ते 'माझ्या राजा' मी चार वेळा वाचलं, कारण तीन वेळा शेजारच्या घरातल्या कुकरने शिट्टी मारली. आता खुश? आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांची अडगळ होती. चारी भिंतींना गोधड्या टांगल्यात. पंखा लावायचा नाही, बांगडी घालायची नाही, खुर्ची करकरली की पुन्हा. दारावर लाल दिवा आहे. तो पेटला असला की सचिवसुद्धा दार ढकलत नाहीत. आत मी घामाने निथळत बसलेली असते आणि तू तिकडे ओंजळी आणि पाणी घेऊन बसलास.

दुसरा वाचक कोण, ते मी सांगणार नाही. कोणी काय नेलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हा वाचनालयाचा पहिला नियम. उद्या तू काय ऐकतोस हे मी कोणाला सांगितलं तर चालेल का? ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना आम्ही छोटा प्लेअर देतो, काउंटरवरचे केशवराव त्यात पुस्तक भरून देतात. ॲपमध्ये तेही 'दुसऱ्या वाचकाकडे' असंच दिसतं. एवढंच.

पण एक गंमत सांगते. काउंटरवर एका वाचकाचा निरोप आला, "वाचणारीले म्हणा, जेवून वाचत जाय. आवाज उपाशी येते." खरंच रे! जेवल्यावर सुस्ती येते म्हणून मी दुपारी काही खातच नव्हते. घरी कोणाला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन वाचलं. पंधरवड्याने निरोप आला, "आता बरं." मी दिवसभर हसत होते.

आणि तुला आठवण करून देते. गेल्या वर्षी वाचनालयाच्या दारात तू ज्या मुलाची कॉलर धरलीस, तो माझ्याकडे फक्त पेन मागत होता. सचिवांनी मला बजावलंय, तुझ्यावरून पुन्हा तमाशा झाला तर माझं वाचन बंद. माझं वाचन बंद झालं तर आपलंही बंद, हे मी बजावते. तुझ्या बाबांनी पोळ्याच्या दिवशी "त्या पोट्टीचं नाव या घरात काढाचं नाई" म्हटलं म्हणून तू घर सोडलंस. माझे बाबाही काही हार घेऊन उभे नाहीत. "त्यांच्या गावात तुला पाणी कोण देईल?" असं विचारतात. हे एकच काम आहे जे कोणाला न विचारता माझं आहे. ते तुझ्या रागात जाऊ देऊ नकोस.

प्रियदर्शनी


अकोला,
२३ जानेवारी

प्रियदर्शनी,

दिवसभर हसत होती म्हणे.

तू उपाशी आहे हे मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. मी तीच कादंबरी तीनदा ऐकली. मले फाटक ऐकू आलं, गाडी ऐकू आली, माझ्या राजा ऐकू आलं. तुझं पोट नाही ऐकू आलं. तो किती जवळ कान लावून ऐकत असन, सांग!

आणि 'वाचणारीले' म्हणते. नाव घेत नाही. अशी माणसं मले माहीत आहेत. आधी जेवली का, मग चहा घेणार का, मग घरी सोडू का. मी स्वतः तुझ्याशी असाच बोलाले लागलो होतो.

नियम तुले पाळायचा तर पाळ. मी वाचनालयात येत नाही, कोणाची कॉलर धरत नाही, आवाज करत नाही. पण बंदोबस्त करतो.

गजेंद्र


अमरावती,
२० फेब्रुवारी

गजू,

महिना झाला, तुझं पत्र नाही. म्हणजे एक तर डोकं थंड झालं, नाही तर पेन फेकून दिलंस. मला पहिलं खरं वाटायला आवडेल, कारण आज मी फार खुशीत आहे.

माझी तिन्ही पुस्तकं महिनाभर एक दिवससुद्धा मोकळी नाहीत! एकाने परत केलं की दुसऱ्याने घेतलंच. आणि कुठले वाचक, माहीत आहे? अकोल्याचे! सहा नवीन सभासद एकदम, तू राहतोस तिथले. सचिवांनी परवा बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "तायडे बाईंचा आवाज जिल्ह्याबाहेर गेला." नवी कादंबरी मलाच दिली वाचायला. केवढी जाड आहे! बाबांना सांगितलं तर ते जेवत राहिले, पण संध्याकाळी शेजारच्या काकांना सांगताना मी ऐकलं, "आमच्या पोरीचं अकोल्यात ऐकतात."

एकच गोष्ट टोचते. तो जेवून वाच म्हणणारा वाचक. दर शनिवारी येणं व्हायचं, अर्धवट राहिलेली फाटकवाल्याची कादंबरी मागितली जायची, आणि ती कायम बाहेर. केशवराव म्हणाले, नाव लावून ठेवतो, नंबर आला की मिळेल. त्यावर काउंटरवर हात आपटून उत्तर आलं, "मी का रेशनच्या रांगेत हाय?" गेल्या दोन शनिवारी कोणी आलंच नाही. केशवराव प्लेअर पुसून, भरायला तयार ठेवतात आणि संध्याकाळी परत कपाटात ठेवतात.

इतक्या लोकांनी ऐकावं आणि ज्याने सगळ्यात मन लावून ऐकलं त्यालाच मिळू नये, हे मला बरं वाटत नाही. नवीन कादंबरी वाचताना मी त्या एका कानासाठी वाचते आहे असं वाटतं.

तू लिही.

प्रियु


अकोला,
२४ फेब्रुवारी

प्रियदर्शनी,

चूप बसणार होतो. तुझी खुशी पाहून बसलोही असतो. पण शेवटी लिहिलं ना, 'त्या एका कानासाठी'. आता ऐक.

ते अकोल्याचे सहा वाचक माझे आहेत. माझा दोस्त नितेश, त्याचा भाऊ, नि दुकानाच्या लाइनीतले चार पोट्टे. सभासद मी केले, चहा मी पाजला. एकाच्या हातचं पुस्तक सुटाच्या आत दुसऱ्यानं नाव लावून ठेवाचं, असा फेर धरला. तुझा आवाज आता अकोल्याच्या बाहेर जात नाही. कोणी ऐकते का? एक जण ऐकते, बाकीच्यांच्या फोनमध्ये पडून आहे. पडून राहो. त्याच्या कानात जाण्यापेक्षा बरं.

हात आपटते म्हणे! माझ्यासमोर आपटून दाखव म्हणा. दोन शनिवार झाले आला नाही, म्हणजे औषध लागू पडलं.

मी तमाशा नाही केला. कॉलर नाही धरली. तुझ्याच ॲपच्या नियमात राहून केलं. आता सांग, तुले तो पाहिजे का मी?

गजेंद्र


अमरावती,
१ मार्च

गजेंद्र,

पत्र तीनदा वाचलं. पोस्ट आमच्यापासून लांब आहे, तरी डोकं थंड झालं नाही.

तू म्हणतोस तमाशा केला नाही. सचिवांनी ज्या बैठकीत माझं नाव घेतलं, तो तमाशा होता. बाबा शेजारच्या काकांना सांगत होते, तो तमाशा होता. मी आता त्यांना काय सांगू? आमच्या पोरीचं अकोल्यात कोणी ऐकत नाही, कोंडून ठेवतात? मी त्या खोलीत पंखा बंद करून तोंड उघडते ते माझा आवाज कोणाच्या फोनमध्ये पडून राहावा म्हणून नाही.

त्या वाचकाचं नाव मी आजही सांगणार नाही. तुझ्यावर चिडून नियम मोडला तर माझ्यात आणि तुझ्यात फरक काय?

मला कोण हवं, असं विचारलंस. उत्तर देण्याआधी एक काम सांगते. मूर्तिजापूरला घरी जाऊन ये. पोळ्यापासून तू गेला नाहीस. जा, दोन दिवस राहा, आणि तिथून पत्र लिही. तोपर्यंत अकोल्याहून एक ओळ पाठवू नकोस. पाकीट न फोडता परत करीन.

प्रियदर्शनी


मूर्तिजापूर,
९ मार्च

प्रियु,

तुझं पत्र वाचून वाटलं, मले घरी पाठवते म्हणजे सोडून देते. 'तुझं घर तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी' असं सभ्य शब्दांत म्हणून राहिली. पाच दिवस गेलो नाही. पंजाबरावच म्हणाले, "तुया हाताचं वाइंडिंग रोज जळून राह्यलं. जाय बाप्पा कुठं जाचं तं."

काल दुपारी घरी आलो. अंगणात बाबा खाटेवर बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. मी फाटकाशी उभा, तरी माझ्याकडे पाहून राहिले नि पाहत नव्हते.

"कोन हाय?"

"मी."

"सारं गावच मी हाय. नाव नाई का?"

"गजेंद्र."

मग म्हणाले, "हं. पाय धू."

तुले हे माहीत होतं, मले नव्हतं. दिवाळीनंतर साखर डोळ्यात उतरली. गावात पारावर रोज मोठ्यानं पेपर वाचणारा माणूस, त्याले आता पेपर म्हणजे नुसता राखाडी कागद दिसते. मायनं मले फोन केला नाही, कारण बाबांनी शपथ घातली होती.

मी पाय धुऊन बसलो तर बाबांच्या हातात एक छोटा काळा डबा. बटण दाबलं. त्यातून कोणी पुरुष मधुमेहावर बोलाले लागला. बाबांनी कचकन बंद केलं.

"ऐक. असा वाचते, जसा कोतवाल दवंडी देते. साखर याच्यानंच वाढते."

"दुसरं लावा ना मग," मी म्हणालो. तोपर्यंत मले खरंच काही कळलं नव्हतं, प्रियु. अक्कल माझी वाइंडिंगच्या दुकानात ठेवून आलो होतो.

"दुसरं कुठून लावू? ते फाटकवाल्याचं अर्धं राह्यलं. दीड मयना झाला भेटून नाई राह्यलं. कोनीतरी हरामखोर अकोल्याकडं दाबून बसला म्हने. माया हाती लागला ना, टंगडं मोडून हातात देतो."

आता कळलं मले, तो डबा कुठून आला. माय तूर पाखडत होती, तिनं सांगितलं. डोळ्याच्या दवाखान्यासाठी दोघं अमरावतीले गेले होते. बाबा म्हणाले, "तू बस इथं, मी त्या पोट्टीले दोन शब्द सुनावून येतो. मायं पोट्टं घरातून नेलं तिनं." ऑटो करून तुमच्या वाचनालयात आले. तुझ्या दारावर लाल दिवा. केशवरावांनी हात धरून थांबवलं, आत जाता येत नाही म्हणे, वाचन चालू आहे. बाबा म्हणाले, मी बसतो, येईन ना भाईर. बसून काय कराचं म्हणून केशवरावांनी हा डबा हातात दिला. मधमाश्यांचं पुस्तक. दिवा विझला, तू बाहेर आली, तरी बाबा उठले नाहीत. राणीमाशीचं प्रकरण अर्ध्यात होतं.

दोन शब्द सुनावाचे राहिले ते राहिलेच. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले, एकटे, एसटीच्या कंडक्टरच्या भरवशावर.

मी म्हणालो, "बाबा, तो मीच."

"कोन मीच?"

"दाबणारा. अकोल्याचा."

"काहून?"

"मले वाटलं, कोणी पोट्टा तिले ऐकून राहिला."

आधी माय हसली. सूप खाली ठेवून, पदर तोंडात घालून. बाबा हसले नाहीत.

"भैताडा. बापावर जळला?"

"माहीत नव्हतं."

"माहीत असतं तं जळला नसता?"

प्रियु, खोटं बोलता येत नव्हतं.

"आता मोकळं कर ते," बाबा म्हणाले. मी तिथूनच नितेशले फोन लावला, कादंबरी परत कराले सांगितली, रांगेतली बाकीच्या पोट्ट्यांची नावं काढाले लावली, नि माझ्या फोनवर घेतली. फोन खाटेवर ठेवला. आवाज मोठा केला. आणि पहिल्याच वाक्यात तू काय म्हणते, ते मी विसरलो होतो.

"वाचन, प्रियदर्शनी देवमन तायडे."

ज्या घरात तुझं नाव काढाचं नाही, त्या घराच्या अंगणात तुझं नाव तूच घेतलं. पूर्ण. बापाच्या नावासकट. मायचं सूप थांबलं. शेजारच्या केशरबाई कुंपणावर कपडे वाळत घालत होत्या, त्याही थांबल्या. मी फोनकडे हात नेला, बंद कराले. बाबांनी माझा हात बाजूले केला.

"राहू दे. ते दरवेळीच सांगते."

मग त्यांचं राहिलेलं प्रकरण शोधलं. फाटकवाल्याची बायको गाडीत बसून जाते, तिथपर्यंत ते आले होते. मधेच ते 'माझ्या राजा' पुन्हा आलं. बाबांनी तोंड तुरीकडे फिरवलं, मी विहिरीकडे.

"वापस येते का नाई ते बाई?" बाबांनी विचारलं.

मले तर पाठ आहे. मी तोंड उघडलं.

"चूप! तू नोको सांगू. ते सांगन."

'ते' म्हणजे तू. एवढंच बोलले तुझ्याबद्दल. तुले घरी बोलाव असं काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. सचिवांना मी पत्र लिहिलं आहे, सारं माझ्या नावानं, तुझा संबंध नाही असं. याच पाकिटात ठेवलं. द्यायचं का फाडायचं, तू ठरव.

आणि एक सांगतो, मनात ठेवून होत नाही. माय म्हणाली, दर शनिवारी तू बाबांचा हात धरून वाचनालयाच्या पायऱ्या उतरवून द्यायची, ऑटोवाल्याले बजावायची. बाबांनी घरी येऊन सांगितलं होतं. त्या पायऱ्यांवर मी दोन वर्षं उभा राहिलो, माझा हात नाही धरला कधी. आता मी बापावर जळून राहिलो. मले माफ कर नको करू, पण हे खरं आहे.

तुझा,
गजेंद्र


अमरावती,
१६ मार्च

गजू,

तुझं पत्र सचिवांना दिलं. फाडणार नव्हतेच. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, पुढच्या बैठकीत आकडा दुरुस्त करून सांगावा लागेल, आणि तो मीच सांगायचा. मी सांगेन. बाबांना कालच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे एकच माणूस ऐकत होता?" मी म्हटलं, हो, एकच. कोण, ते विचारलं नाही त्यांनी. "एक पुरतो," एवढंच म्हणाले. तुला अजून पुष्कळ सोसावं लागणार आहे माझ्या बाबांचं, आत्ताच सांगून ठेवते.

तुझ्या त्या सहा वाचकांपैकी पाच गेले. नितेश राहिला. त्याने मधमाश्यांचं पुस्तक खरंच ऐकलं म्हणे, आणि आता नर्सबाईंचं मागितलंय. मला फार बरं वाटलं. मनापासून लिहिते, चिडवायला नाही. जळू नकोस.

पायऱ्यांचं म्हणशील तर त्यांना पायऱ्या दिसत नाहीत. तुला दिसतात.

नवी कादंबरी वाचून झाली. काल ॲपवर आली, आणि सकाळीच रांग लागली. या वेळी खरी. काल शनिवार होता. तुझे बाबा आले. केशवराव घाबरतच म्हणाले, नाव लावावं लागेल. ते काउंटरपाशी उभे राहिले, हात उचलला, आणि खाली ठेवला. म्हणाले, "लाव." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "पोट्ट्याले सांग, मी लावलं म्हून." म्हणून सांगते आहे, नाही तर नियम नियमच.

त्यांचा नंबर सहावा आहे. तुझं नाव मी स्वतः लावलं, त्यांच्या खाली, सातवा. त्यांनाही मध्ये घुसवलं नाही, तुलाही घुसवणार नाही.

थांब.

प्रियु